अपडेटबाईची सुट्टी

रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तिला सगळे अपडेटबाई म्हणत. रिपोर्ट तयार करणारा प्रोग्राम ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला होता, त्या भाषेची नवी आवृत्ती आली की ती सर्व्हरवर चढवायची, हे तिचं काम. भाषा बनवणाऱ्यांना बहुधा घरदार नसावं. जरा टेकावं म्हटलं की नवी आवृत्ती हजर. आणि हे काम सुट्टीच्याच दिवशी, कारण एरवी लॅब बंद ठेवता येत नाही. भाचीचं लग्न, वडिलांचं आजारपण, सगळं या आवृत्त्यांनी खाल्लं होतं.

आज दुपारी आईच्या डोळ्याची पट्टी सुटायची होती. "डोळा उघडला की आधी तू दिसायला हवीस," असं आई म्हणाली होती आणि लेकीने शब्द दिला होता. म्हणून ती सकाळीच लॅबला आली. नवी आवृत्ती चढवली, पडद्यावर नेहमीसारखं 'यशस्वी' आलं, तिने पर्स उचलली. जाता जाता एक मोठा रिपोर्ट काढून पाहिला, तर तो पूर्वीसारखाच अर्ध्यावर अडकला. हा दोष तर नव्या आवृत्तीत काढून टाकला होता.

मग तिने सर्व्हरलाच विचारलं, बाबा रे, तू चालवतोस तरी कोणती आवृत्ती? उत्तर आलं, ती नोकरीला लागली तेव्हाची. नंतरच्या साऱ्या आवृत्त्या आपापल्या फोल्डरमध्ये नीट बसल्या होत्या, पण सर्व्हरला रस्ता जुन्याच फोल्डरचा दाखवलेला होता. तो कुणी बदललाच नव्हता. कुणी म्हणजे तिनेच. वडिलांजवळ बसायचं सोडून ती इथे पालथ्या घड्यावर पाणी ओतत राहिली होती. तिला रडू आलं नाही, फक्त फार दमल्यासारखं झालं.

पुढच्या सुट्टीवर टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? इतकी वर्षं कुठे कळलं होतं? पण जुन्या आवृत्तीच्या सुरक्षेतली भोकं आता जगजाहीर होती आणि सर्व्हरवर लोकांचे आजार होते. रस्ता बदलायचा म्हणजे सगळा प्रोग्राम पुन्हा तपासणं आलं. त्यात संध्याकाळ होणार. तिने पर्स खाली ठेवली आणि आईला फोन लावला.

"आई, अगं, ऐक ना..."

"काम निघालं ना? असू दे," आई म्हणाली. "शेजारच्या वहिनींना मी कालच सांगून ठेवलंय. त्या येतायत."