कंडक्टरबाई प्रवासी होतात

एकतीस वर्षं जिने लोकांना ज्याच्या त्याच्या गावी पोचवलं, तिला स्वतःला बहिणीपर्यंत पोचता येईल की नाही, यावर घरात तीन दिवस खल चालला होता.

"आई, हे आपलं गाव नाही," मुलगा म्हणाला. "इथे बसचे चारशे मार्ग आहेत."

"असेनात. मला एकाच मार्गाने जायचंय," कंडक्टरबाई म्हणाल्या.

बाई निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण गावात त्यांना अजून कंडक्टरबाईच म्हणत. तीन महिन्यांसाठी त्या मुलाकडे या मोठ्या शहरात पाहुण्या म्हणून आल्या होत्या. येण्याचं खरं कारण थोरली बहीण. अक्का न्हाणीघरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शुश्रूषागृहात होती. हाड जुळलं होतं, पण अक्का खाटेवरून उतरायला तयार नव्हती. नर्सने बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आमच्या हाताला त्या दाद देत नाहीत. घरचं कुणी दिवसाआड आलं तर उठतील. नाहीतर कायमच्या खाटेला खिळतील."

भेटायची वेळ चार ते पाच. मुलाला सुट्टी पंधरा दिवसांनी एक. म्हणजे घोडं तिथेच अडलेलं.

शेवटी मुलाने अट घातली. "गुरुवारी एकटी जाऊन दाखव. पाचच्या आत अक्कामावशीला भेटलीस, तर पुन्हा कधी अडवणार नाही. चुकलीस आणि मला आणायला यावं लागलं, तर मग माझ्या सुट्टीची वाट बघायची. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या. आणि पहिल्या ड्यूटीच्या वेळेसारखी पिशवी आदल्या रात्रीच भरून ठेवली.

गुरुवारी अडीचला त्या थांब्यावर उभ्या होत्या. सुनेने दिलेलं कार्ड हातात, पिशवी खांद्याला आडवी. पहिल्या फेरीआधी घ्यायच्या तसं देवाचं नाव घेतलं, आणि समोर बस येऊन उभी राहिली. दार आपोआप उघडलं. पायरी इतकी खाली की गुडघ्याला कळलंसुद्धा नाही. कार्ड यंत्राला टेकवलं, टुक्क वाजलं, झालं. ना सुट्टे पैसे, ना वाद.

मागच्या दाराशेजारची जागा रिकामी होती. बाईंचे पाय आपसूक तिकडेच वळले. मग छतातून एक गोड आवाज आला आणि पुढच्या थांब्याचं नाव सांगून गेला. बाईंनी कौतुकाने वर पाहिलं. सव्वीस थांबे सांगायचे आणि घसा बसायचा नाही, म्हणजे काय सुख. खिडकीबाहेर पुलावर पूल, काचेच्या इमारती, एका गच्चीवर चक्क झाडं. बाईंना कुठे बघू आणि कुठे नको असं झालं. आयुष्यभर बसमध्ये काढलं, पण खिडकीतून बाहेर बघायला सवड कधी मिळाली होती?

सातव्या थांब्यावर मोठी गर्दी होती. उतरणारे उतरायच्या आतच चढणारे घुसले. एक काठी टेकणारे आजोबा दाराशी भेलकांडले आणि पुन्हा रस्त्यावर गेले. ते पाहिलं मात्र, बाई उठल्याच. खाली उतरल्या, दाराच्या कडेला उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आधी उतरणाऱ्यांना वाट द्या. एकेक जण या. आजोबा, तुम्ही या पुढे, घाई नाही."

लोक मुकाट्याने रांगेत आले. त्या आवाजापुढे गावात दारुडेसुद्धा सरळ होत. आजोबांना दंडाला धरून चढवलं, एका बाईची बाबागाडी उचलून दिली, शेवटचा प्रवासी आत गेला. बाईंनी पुढे-मागे नजर टाकली, रस्ता मोकळा आहे असं पाहिलं आणि बसच्या पत्र्यावर तळहाताने दोनदा थाप मारली. धाड, धाड.

दार मिटलं. बस निघाली.

आजोबांनी काचेतून हात केला. बाईंनीही केला. आणि बस वळणावर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण खालीच आहोत. जित्याची खोड म्हणतात ती ही. त्यांच्या गाडीत कंडक्टर खालून थाप मारायचा आणि गाडी हलता हलता शेवटी चढायचा. इथे दाराला कंडक्टर ठाऊकच नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला.

"आई, कुठवर आलीस?"

बाईंना खोटं बोलायचं नव्हतं. "सातव्या थांब्यावर आहे. बस गेली."

"गेली म्हणजे? तू उतरलीस कशाला?"

"लोकांना चढवायला. आणि मग जायचा इशारा मीच दिला."

पलीकडे मुलाला हसू आवरेना. "अगं आई, आता तरी रिटायर हो. बरं, तिथेच बस, हलू नकोस. मी निघतो."

"किती वेळ लागेल तुला?"

"दीड तास तरी."

"म्हणजे पावणेपाच होतील. पुढचा रस्ता तासाचा. दार बंद झाल्यावर अक्काला काय खिडकीतून हात करू?" बाई म्हणाल्या. "तू कामाला लाग. पाच अजून वाजले नाहीत."

थांब्यावरच्या पाटीवर लाल अक्षरांत पुढच्या बसची वेळ होती: अठ्ठावन्न मिनिटं. तीन वाजून दहा मिनिटं झालेली. बाईंचा हिशेब तयार होता, पोचायला पाच वाजून आठ. म्हणजे ही बस गेलीच. पण थांब्यामागे जमिनीत उतरणारा जिना होता आणि त्यावर मेट्रोची खूण. मुलगा म्हणाला होता, मेट्रोच्या वाटेला जाऊच नकोस. बाई म्हणाल्या, देवा, बघ हो, आणि उतरल्या.

खाली भिंतीवर केवढा तरी नकाशा होता. जवळ झाडू मारणारी बाई थांबली. "काय शोधताय, ताई?"

बाईंनी शुश्रूषागृहाच्या भागाचं नाव सांगितलं. झाडूवाल्या बाईने झाडूच्या दांड्यानेच दाखवलं. "पिवळीने चौथं स्टेशन. तिथे उतरून निळी धरा, आणि निळीचं अगदी शेवटचं."

"शेवटचं? मग चुकायला जागाच नाही," बाई खूश होऊन म्हणाल्या. "कार्ड हेच चालतं?"

"चालतं की. पण सरकत्या जिन्याने जा, तो दुसरा लांब पडतो. पायाकडे बघू नका, समोर बघा. भीती वाटते का?"

"धावत्या गाडीत दोन्ही हात सोडून तिकिटं फाडलीत मी."

"मग तो जिनाच तुम्हाला घाबरेल," झाडूवाली म्हणाली आणि दोघी हसल्या.

बाईंनी समोर बघून पाऊल टाकलं आणि लहान मुलीसारख्या तरंगत खाली गेल्या. मेट्रो वाऱ्याची झुळूक पुढे पाठवून मग आली. बाई बोटांवर स्टेशनं मोजत होत्या. चौथ्याला उतरल्या. जमिनीवरच्या निळ्या पट्ट्यामागे जवळजवळ पळतच गेल्या. निळी मेट्रो जमिनीतून वर आली, उन्हात आली, घरांच्याही वर गेली, आणि सगळं शहर खाली पसरलं. खाली मुंगीएवढ्या बस दिसत होत्या. यातलीच एखादी मला टाकून गेलेली असेल, असं वाटून त्यांना एकटीलाच हसू आलं.

शुश्रूषागृहाच्या दाराशी त्या चार वाजून पंचवीस मिनिटांनी पोचल्या, घामाने डबडबलेल्या.

अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. "कोण सोडून गेलं तुला?" तिने मान वळवून विचारलं.

"कुणी नाही. एकटी आले. बस, पिवळी मेट्रो, निळी मेट्रो."

"थापा मारू नकोस, धाकटे. लेक खाली गाडीत बसला असेल."

"नाही बसलेला."

"बघितल्याशिवाय मी नाही विश्वास ठेवायची."

"मग बघ. ती काय खिडकी. फाटकासमोरचा सगळा रस्ता दिसतो तिथून."

खिडकी खाटेपासून पाच पावलांवर. अक्काने खिडकीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. तिला लबाडी कळली होती, पण बहिणीला खोटं पाडायची संधी तिने जन्मात सोडली नव्हती. "धर हात," ती पुटपुटली. "आणि घट्ट धर, मेले."

पहिल्या पावलाला ती कळवळली. दुसऱ्याला तिने बाईंच्या दंडात नखं रुतवली. बाईंचं मनात नाम चालू होतं. दारात आलेली नर्स श्वास रोखून तिथेच उभी राहिली. पाचव्या पावलाला अक्काने खिडकीचा गज धरला आणि धापा टाकत खाली रस्ता न्याहाळला. फाटकाशी एकही गाडी नव्हती.

"परत कधी येणार आहेस?" तिने विचारलं.

"शनिवारी."

"चारच्या ठोक्याला ये. आजच्यासारखा उशीर नको."