उघाडीची पाळी

जमीन गोदामाला गेली त्या वर्षी मी दादांना, म्हणजे वडिलांना, खाडीकाठच्या अंजूर गावाहून नारपोलीला माझ्या फ्लॅटवर आणलं. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी. हेडक्लार्कची खुर्ची स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली. म्हाताऱ्याने जन्मभर चिखल तुडवला, आता पंख्याखाली बसावं, टीव्ही बघावा, एवढंच माझं म्हणणं. त्यात चुकलं काय?

पण दादा कॅलेंडर बघायचे ते तिथीसाठी. अमावस्या-पौर्णिमेला खाडीला उधाण. त्याआधी फावडं घेऊन हे रिक्षाने अंजूरला, उघाडी साफ करायला. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली लाकडी झडप. ओहोटीला ती शेतातलं पाणी बाहेर सोडते, भरतीला मिटून खारं पाणी अडवते. गाळ साचला, ओंडका अडकला, की मिटत नाही. तिची निगा घराघराच्या पाळीने चालायची. ज्याने जमीन विकली त्याची पाळी सुटली. असे एकेक करत सगळे सुटले. मागे एका विधवा बाईचं शेत तेवढं पिकत होतं आणि पाळीवर एकटे दादा.

"आपलं शेत राहिलंय का तिथं?" मी चिडून विचारायचो.

"शेत न्हाय. पानी तं हाय ना."

एक दिवस ऑफिसात सहकारी सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, तुमचे पिताजी काल कमरेएवढ्या चिखलात! घरी जेवायला घालता ना?" लोक हसले. मी घरी आलो आणि ते फावडं भंगारवाल्याला देऊन टाकलं.

दादांनी दाराआड पाहिलं, माळ्यावर पाहिलं. मी सांगितलं, "दिलं. वय बघा जरा."

त्या अमावस्येला ते गेले नाहीत. दिवसभर खुर्चीत. कॅलेंडरकडे बघणंसुद्धा बंद. मी बायकोला म्हटलं, "बघ, रुळले." एवढी माझी अक्कल.

चार दिवसांनी ती शेतवाली बाई जिने चढून दारात आली. लुगड्याचा काठ चिखलाने भरलेला. झडपेत ओंडका अडकला होता, उधाणाचं पाणी आत शिरलं, नुकती लावलेली भाताची रोपं खारं पाणी पिऊन पिवळी पडली.

"दादा, आजारी हाव का?" तिने आधी तेच विचारलं.

दादांनी मान खाली घातली. मीच म्हणालो, "मी जाऊ दिलं नाही. त्यांचं वय झालंय."

"बाला, तू शिकलास ना? मंग खाडीला एक चिठ्ठी लिवायची, या टायमाला येव नको म्हनून."

बायको आत हसली. मला हसू आलं नाही, राग आला. दादांचा, तिचा, त्या ओंडक्याचा. पण कुणाला काय बोलणार? फावडं मीच दिलं होतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भिवंडीच्या बाजारातून नवं फावडं आणलं. दादांनी दांड्यावरून हात फिरवला. "खरबरीत हाय." बाटलीची काच घेऊन बाल्कनीत दांडा तासत बसले. भुसा घरभर. बायको ओरडली तर म्हणाले, "झाडतंय गो मी."

सकाळी मी रजा टाकून सोबत गेलो. त्यांना आता वाकवत नव्हतं, हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, तिथे दिसलं. पँट गुडघ्यावर दुमडून मीच उतरलो. पहिल्याच घावाला पाय रुतला.

"आरं, तिकरं न्हाय! झडपेच्या बुडाला मार! कालेजात कं शिकवलं तुला?" बांधावरून दादा ओरडत होते. महिन्याभरात त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

मला ते काम तेव्हाही आवडलं नाही, पुढे कधीच आवडलं नाही. बाईने शेत पिकवलं तोवर दर उधाणाला माझी एक रजा गेली आणि वर दादांच्या शिव्याही खाल्ल्या.