हुद्दा कोणताही असो

शमीमभाभींचा फोन सकाळीच आला. "सर, हे गेले. झोपेतच गेले." मग म्हणाल्या, "दफन दुपारी, जोहरच्या नमाजनंतर आहे. तुम्ही या." एकही विशेषण नाही. रफीक इनामदारांबरोबर संसार केलेल्या बाईनं ही बातमी अशीच द्यायला हवी होती, हे मला त्याही क्षणी जाणवलं...

रफीकभाई इंजिनिअर होते आणि बांधकामाची स्पेसिफिकेशन्स लिहीत. तीही जमिनीखालच्या कामाची. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि दोन्ही वेळा वरच्या घराला सोबत नेते. तिच्यात चुना किंवा सिमेंट किती कालवायचं, किती वेळ ठेवायचं, काम झालं हे कशावरून ओळखायचं, हे ते लिहून ठेवत. असल्या लेखनाला पुरस्कार नसतात, त्यामुळे ते वाचण्यासारखं असायचं. साइटवरच्या मुकादमांना इंग्रजी मसुद्याचा उपयोग नाही, म्हणून ते मराठी प्रत तयार करत आणि तपासायला औरंगपुऱ्यात माझ्या घरी आणत. मी मराठीचा प्राध्यापक. त्यांचं शुद्धलेखन मी तपासायचो आणि माझं मराठी ते. एकदा मी 'मिश्रण नीट करावे' असं सुचवलं, तर त्यांनी 'नीट'भोवती पेन्सिलीनं गोल काढला.

"सर, नीट म्हणजे किती?"

"नीट म्हणजे नीट. सगळ्यांना कळतं."

"कळतं ना. परतेकाला येगळं कळतं."

शेवटी वाक्य झालं ते असं: 'फावड्याने कापल्यावर मातीत चुन्याची पांढरी रेघ दिसता कामा नये.' तेव्हापासून मी 'नीट' हा शब्द जपून वापरतो. 'समाधानकारक' तर त्यांच्या हद्दीत येतच नसे. "कोणाचं समाधान? साहेबांचं चहावर पण होतं." भाभींच्या पाककृतीच्या पुस्तकात 'मीठ चवीनुसार' असं वाचून ते खरोखर अस्वस्थ झाले होते.

पडेगावात आमचं एक छोटं वाचनालय आहे. जुन्या खोलीच्या भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, पुस्तकं भिजली. नवी खोलीही तशीच निघाली, तर पुस्तकं वाटून टाकून कुलूप लावायचं, असं समितीनं ठरवलं होतं. रफीकभाईंनी आपण होऊन काम अंगावर घेतलं. जोत्याच्या आतली माती चुन्यात कालवायची, ओलसर करून दोन दिवस झाकून ठेवायची, पुन्हा कालवायची आणि मगच दाबायची. मधल्या दोन दिवसांत तिच्यावर काही ठेवायचं नाही, असंही एक कलम होतं. भूमिपूजनाच्या पाहुण्यांची तारीख सारखी पुढं सरकत असल्यामुळं काम आधीच सुरू झालं होतं. आणि नेमकी माती झाकलेली असताना पाहुण्यांचा निरोप आला, उद्या येतो.

आमचे अध्यक्ष नाना आनंदानं फुलून गेले. मंडपवाला जोत्याच्या त्याच चौकोनात स्टेज घालायला निघाला. रफीकभाई आडवे आले.

"रफीकभाई, तासाभराचा तर प्रश्न हाय," नाना म्हणाले. "वरून गालिचा टाकू."

"गालिचा टाकल्यावर वजन कमी होतं व्हय नाना?"

"अहो, पाहुणे रागावले तर?"

"त्यांना पुन्हा बोलावता येईल. ही माती आत्ताच इथं दबली तर गोळे धरील. मग तुमच्या खोलीला पयल्याच पावसात भेग."

"कलम तुम्हीच लिहिलं ना? मग तुम्हीच बदला की."

"बदलतो," म्हणाले, आणि खिशातून पेन काढलं. कागद स्कूटरच्या सीटवर ठेवून त्यांनी कलमात भर घातली. आता ते असं झालं: 'या काळात मातीवर वाहन, जनावर, साहित्य अथवा माणूस, हुद्दा कोणताही असो, नेऊ नये.' मग पेन नानांपुढं धरलं. नानांनी एकदा मातीकडं बघितलं आणि सही केली.

स्टेज रस्त्याच्या कडेला लागलं. मागून ट्रॅक्टर आणि मोटारसायकली हॉर्न देत होत्या, त्यामुळं भाषण आटोपशीर झालं. चुन्याचा हा उपयोग कुठल्याही ग्रंथात नोंदलेला नाही. पुढं माती दाबून झाल्यावर रफीकभाईंनी खड्डा खणून आत एक द्रव फवारला. चुना पोचलेली माती त्यानं गुलाबी होते. एका कोपऱ्यात ती काळीच राहिली, तर तेवढा कोपरा त्यांनी उकरून पुन्हा करायला लावला. मुकादम म्हणाला, "साहेब, एवढं कोण बघतंय?" रफीकभाई म्हणाले, "तू बघितलंस की आत्ता."

परवा शोकसभा वाचनालयाच्या त्याच खोलीत झाली. वक्त्यांची विशेषणं संपेनात. एकानं 'कधीही न भरून येणारी पोकळी' आणली. मला हसू आवरेना. जमिनीखाली पोकळी राहिली म्हणजे कुणीतरी काम चुकवलं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ रफीकभाईंना माहीत होता. त्यांनी कधी काम चुकवलं नाही. नाना अध्यक्ष असूनही बोलले नाहीत.

सगळे गेल्यावर नाना आणि मी कुलूप लावायला थांबलो. दोन आठवडे पावसाची झड लागून होती. अशा दिवसांत खालची माती फुगते, चौकटी तिरक्या होतात आणि पडेगावात निम्म्या घरांची दारं अडकतात. नानांचं स्वतःचं तर खांदा लावल्याशिवाय बसत नाही. नानांनी वाचनालयाच्या दाराला एक बोट लावलं. दार आवाज न करता चौकटीत जाऊन बसलं.

 त्यांनी ते उघडलं आणि पुन्हा एकदा, बोटानंच, लावलं.