सरकारी घसा

धुळ्याहून सुटणारी एसटी डिझेलवर चालते असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या साडूंना ऐकलेलं नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आम्ही त्यांना नाना म्हणतो. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कुठे लागली हे माइकवर सांगणं, ही त्यांची नोकरी. प्रत्येक गाडी ते तीनदा सांगत. पहिल्यांदा सरकारी मराठीत, दुसऱ्यांदा गावं मोजून, आणि तिसऱ्यांदा घरच्या बोलीत, "भाऊ, अक्का, रावेरनी गाडी उभी शे. बठ्ठा जण या. आते निंघी जाई!" पहिल्या दोन वेळा कोणी जागचं हलत नसे. तिसऱ्या हाकेला मात्र सगळा स्टँड गाठोडी उचलून पळे.

धुळ्यातल्या देवपूरच्या घरीही तीच तऱ्हा. स्वयंपाक झाला की मेहुणीबाईंच्या आधी हेच जाहीर करत, "वरण-भात पाटावर लागला आहे." लोणचं मात्र ताटाला शिवू देत नसत. "घसा सरकारी आहे, भाऊ. घरच्या कैरीवर खर्च करता येत नाही."

मी हिशेबी माणूस. एकदा विचारलं, "नाना, गाडीवर पाटी असते. मग तुमच्या बोलण्याचा उपयोग काय?"

"पाटी कधी कोणाला हाक मारते का?" ते म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढे नव्वदनंतर एक नवे साहेब आले. त्यांनी हुकूम काढला, गाडी एकदाच सांगायची आणि भाऊ-अक्का बंद. त्या रात्री नानांनी जेवताना लोणचं मागितलं. मेहुणीबाईंनी वाढलं, पण डोळ्यांना पदर लावून. दुसऱ्या दिवशी रावेरची गाडी निम्मी रिकामी सुटली आणि बाकांवरची माणसं साहेबांच्या दारात उभी राहिली.

"एकदा सांगितलं होतं ना?" साहेब ओरडले.

"ते सांगणं झालं," फैजपूरची एक म्हातारी म्हणाली, "नानांनी बोलावलं कुठे?"

संध्याकाळपर्यंत हुकूम मागे आला. त्या रात्री नानांनी ताटात वाढलेली लोणच्याची फोड परत बरणीत टाकायला लावली.

ते निवृत्त झाल्यावर आम्ही जळगावहून कैरीच्या लोणच्याची मोठी बरणी घेऊन गेलो. बरणी पाहून खूश झाले. परतताना पोचवायला स्टँडवर आले. आता तिथे टेप वाजते. टेपने जळगाववरून जाणारी रावेरची गाडी सांगितली, पण आम्ही दोघं बाकावरून उठलो नाही. नानांनी इकडेतिकडे पाहिलं, खाकरले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, अक्का, रावेरनी गाडी उभी शे."

आम्ही उठलो. शेजारच्या बाकावरचं एक म्हातारं जोडपंही उठलं.

घरी येऊन पिशवी उघडली, तर तळाशी आमचीच बरणी होती. भरलेली, झाकण घट्ट लावलेली.