अंबारीतला रुमाल

शमीम गेल्याची बातमी मला पुण्याहून कळली. ती जुन्या जालन्यात माझ्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडं राहायची, आणि भाच्यानं हॉस्टेलवरून फोन करून विचारलं, “मावशी, काजळगडवाल्या मॅडम गेल्या म्हणे, तुला माहीत होतं का?” रडू यायच्या आधी मला राग आला. मैत्रीण माझी, आणि खबर आधी तिच्या श्रोत्यांना!

आम्ही दोघी भोकरदनच्या एका शाळेत शिक्षिका. वर्षानुवर्षं जालन्याहून अपडाऊन केलं. मला कायम उशीर व्हायचा. शमीम आधी पोचून एसटीच्या खिडकीतून निळ्या काठाचा रुमाल टाकायची आणि शेजारची जागा माझ्यासाठी धरायची. त्याच बसमध्ये तिनं काजळगड रचला... तटबुरूज, हत्ती, फितूर सरदार आणि कुणाला न जुमानणारी राणी. पहिली श्रोती मी. मग तिनं गोष्ट आपल्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून लोकांना पाठवायला सुरुवात केली, आणि राज्य माझ्या हातचं गेलं. त्याचं चित्रपुस्तक निघालं, मग मोबाइलवरचा खेळ आला. दिवाळीत आमच्या गल्लीतल्या पोरांनी मातीचा किल्ला केला, तोही काजळगडच! माझे दोन कवितासंग्रह अजून माझ्याच माळ्यावर पडलेत. जळफळाट होणार नाही तर काय?

त्याहून झोंबायचं ते वेगळंच. कंडक्टरला तिनं सेनापती केलं, हेडमास्तरांना पेंगणारा प्रधान. सगळी बस त्या राज्यात, मी मात्र कुठंच नाही. एकदा न राहवून विचारलंच.

“हायेस की तू, बराबर बघ,” ती म्हणाली.

“कुठं? दासी-बिसी केलंस का काय मला?”

“तुला दिसून न्हाई राह्यलं, तं मी काय करू?” आणि हसत बसली. मी भोकरदन येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही.

ती गेल्यावर भाचा आला, त्यानं खेळ उघडून दाखवला. हत्तीवरच्या अंबारीत राणीच्या शेजारची जागा रिकामी, आणि तिच्यावर निळ्या काठाचं कापड.

“मावशी, हे जादूचं वस्त्र. इथं कुणी बसायला गेलं की हत्ती हलतच नाही. का, ते कुणालाच ठाऊक नाही.”

चित्रपुस्तकवाल्यांनी तर म्हणे त्याचं राजनिशाण करून टाकलंय. जादू कसली डोंबलाची... माझी जागा होती ती. मी त्याच्यासमोरच रडले. मग तो म्हणाला, नव्या खेळात ती जागा सगळ्यांना मोकळी करणार आहेत. माझं डोकंच फिरलं.

आता मी स्टँडवर लवकर जाते. तिच्या घरून तो रुमाल मागून आणलाय, तो शेजारच्या सीटवर टाकते. परवा बस खच्चून भरली होती. एक कॉलेजची मुलगी माझ्यापाशी येऊन थांबली. तिच्या मोबाइलवर मोठ्यानं शमीमचाच आवाज चालू होता. राणी अंबारीत चढत होती.

“मॅडम, इथं कुणी येणार हाय का?”

“हो,” मी म्हटलं.

रुमाल उचलला नाही. ती भोकरदनपर्यंत उभी होती.