उन्हात ठेवायच्या पट्ट्या

पन्नाशी उलटल्यावर मी पॉलिमर अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. जालन्यातल्या पाइपच्या कारखान्यातून संध्याकाळी परतायचे, पुस्तक उघडायचे आणि त्याच पानावर डोळे मिटायचे, असे चालले होते. विद्यापीठाने दिलेली मुदतवाढ शेवटची होती आणि प्रबंधाचा सारा भार एका प्रयोगावर होता. मिरचीच्या वाफ्यांवर अंथरतात तो पातळ प्लास्टिकचा मल्चिंग पेपर मी मिसळलेल्या द्रव्यामुळे आमच्याकडच्या उन्हात अधिक टिकतो का, एवढेच पाहायचे होते.

वडीगोद्रीजवळच्या आमच्या शेतात, बांधावरच्या लाकडी चौकटीवर मी पट्ट्या ताणून बांधल्या. काही द्रव्य मिसळलेल्या, काही तुलनेसाठी साध्या. शेती थोरला भाऊ पाहतो. "दादा, एवढ्याकडं लक्ष असू दे," इतकेच म्हणून मी निघालो. अधिक समजावण्याचे त्राण उरले नव्हते.

उन्हाळा सरताना गेलो. द्रव्याची पट्टी दुमडून पाहिली, तडा नाही. मन हलके झाले. मग साधी दुमडली. ती एव्हाना तडकायला हवी होती. तीही नव्यासारखीच मऊ.

"दादा, ह्यांना काय केलंस?"

"काय करणार? ऊन चढलं की बारदान टाकत व्हतो, कललं की काढत व्हतो. तुझी वहिनी हसून राह्यली व्हती, म्हणे भावजीच्या प्लास्टिकला सावली अन् म्हशीला न्हाई."

"अरे, उन्हातच ठेवायच्या होत्या त्या."

"मंग जळू द्यायचा व्हता का तुझा अभ्यास?"

साध्या पट्ट्यांचा उल्लेखच टाळावा, असे क्षणभर मनात आले. थकलेल्या माणसाला असे विचार फार हळुवार आवाजात सुचतात. पण मी काय शिकतो, हे दादाला समजेल अशा शब्दांत मी कधीच सांगितले नव्हते. त्याने आपल्या परीने माझी राखणच केली होती. बांधावरूनच मार्गदर्शकांना फोन करून घडले ते सांगितले. ते म्हणाले, "मग नव्यानं नोंदणी करावी लागेल, सर." वयाने ते माझ्याहून लहान आहेत.

पुढच्या फाल्गुनात नव्या पट्ट्या बांधल्या. या वेळी दादाला शेजारी बसवून सगळे सांगितले.

"म्हंजे उन्हात मरू द्यायचं?"

"हो. किती तग धरतं, तेच पाहायचंय."

"असलं कुठं शिक्षण असतंय!"

दुपार चढली. दादाचा हात सवयीने बारदानाकडे गेला. मग त्याने त्याची घडी घातली आणि तिच्यावरच बसून राहिला.