तोंडानं काढून दाखवा

समजा, तुम्ही गॅरेजच्या खड्ड्यात उभे आहात. डोक्यावर हजार किलोची मोटार, हातात टॉर्च, आणि वरून मालक सांगतोय, "खालून आवाज येतोय." कसला, तर म्हणे, "आवाज हो, आवाज!" आता शोधा.

कुरुळीत मारुतराव शेठच्या गॅरेजात मिनल तीन वर्षं हेच करत होती, पण दुसऱ्यांच्या हाताखाली. काळेवाडीतल्या कंपनी कामगाराची ही मुलगी डिप्लोमा करून आलेली. गिऱ्हाइकं मात्र तिला पाहून विचारायची, "मॅडम, मेकॅनिक कुठंय?"

त्या सकाळी शेठ म्हणाले, "उद्धवरावांची गाडी तिसऱ्यांदा आलीये. आवाज शोधलास तर आजपासून हा खड्डा तुझा. नाहीतर परत मागू नकोस."

उद्धवरावांची तक्रार एका शब्दाची: "खडखडतीय." त्या शब्दावर आधी सस्पेन्शनची लिंक बदलली होती, मग शॉकअप. आवाज जागेवरच.

"काका, तोंडानं काढून दाखवा," मिनल म्हणाली.

"आवाज? ल्हान पोर हाय का मी?"

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, सुमनताईंना, हसू फुटलं. "ह्यांना काय विचारतीस पोरी! पंचवीस वर्षं कंपनीत, प्रेस शॉपच्या धडधडाटात काढली. कुकरची शिट्टी ऐकू येत न्हाई ह्यांना. थांब, मी काढते." त्यांनी जीभ टाळूला लावली. "टक्! मग गप्प. ब्रेक दाबला की एकदा, गाडी मागं घेतली की एकदा."

अख्खं गॅरेज हसलं. मिनल तेवढी हसली नाही. खडखड म्हणजे काहीतरी सुटलेलं. पण दिशा बदलताना एकच टक्, म्हणजे काहीतरी मागंपुढं सरकतंय. गाडी उचलणाऱ्या लिफ्टवर चाकं लोंबकळतात, भार जातो, सरकणारी वस्तू गुपचूप बसते. आधीच्या दोन्ही वेळी गाडी लिफ्टवरच पाहिली होती!

तिनं गाडी खड्ड्यावर, चाकांवरच उभी करवली आणि खाली उतरली. "काकू, वीतभर पुढं, मग ब्रेक. मग मागं." काकू स्टिअरिंगवरच्या नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारून हुकूम पोचवू लागल्या.

टक्.

चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा डावा लोअर आर्म तिच्या तळहाताखाली हलला. टॉर्च मारला. त्याच्या मुळाशी धक्के झेलणारा रबराचा बुश उभा चिरलेला.

दुपारी नवा आर्म बसला. शेठनी स्वतः चक्कर मारली. काकू कान लावून बसल्या आणि उतरताना म्हणाल्या, "गेला बाई!" शेठनी खडू उचलला आणि खड्ड्यावरच्या पाटीवर लिहिलं: मिनल. तिनं फोटो काढून वडिलांना पाठवला.

तोवर उद्धवराव स्टिअरिंग धरून एक फेरी मारून आले. दोन्ही हात पुढं करून म्हणाले, "हाताला खडखड लागायची, ती बी थांबली."

म्हणजे काकाही बरोबरच सांगत होते. गाडी गेली तरी मिनल खड्ड्याच्या काठावर तो फाटका बुश फिरवून पाहत राहिली. चीर एकच, मग कानाला एक टक् आणि हाताला खडखड, हे कसं?